कळतं पण वळत नाही: समुपदेशनात विचार, भावना आणि पोटातला गोळा

गोदाकाठ

नमस्कार. समुपदेशन घेणारे, घेऊन झालेले आणि देणारे, तिघांनीही इथे लिहावं अशी इच्छा आहे.

मी नाशिकची. वय ४३, घटस्फोटाला बरीच वर्षं झाली, मुलगी अकरावीत. गेलं वर्षभर एका मानसतज्ज्ञ बाईंकडे जाते आहे. त्या सीबीटी (विचार तपासून भावना आणि वागणं बदलायची पद्धत) वापरून काम करतात आणि मला त्याचा खूप फायदा झालाय, हे आधीच सांगते. मध्यरात्री जाग येऊन पहाटेपर्यंत तळमळत पडणं थांबलं ते त्यांच्यामुळेच.

आता प्रश्न. माझ्यासाठी एक स्थळ आलंय. गृहस्थ विधुर आहेत, पॉलिटेक्निकमध्ये शिकवतात, बोलणं-वागणं नीट. काही महिने आम्ही भेटतोय. बाईंनी नेहमीचा तक्ता भरायला दिला: प्रसंग, मनात आलेला विचार, भावना किती टक्के, विचाराच्या बाजूने पुरावा, विरुद्ध पुरावा, तोलून पाहिलेला विचार आणि परत भावना किती टक्के. 'हेही लग्न मोडेल' याच्या बाजूने मला जेमतेम एक ओळ लिहिता आली, विरुद्ध बाजूने पान भरलं. चिंता ७० वरून ४० वर आली. आणि मला ते आवडतात.

म्हणजे डोकं हो म्हणतंय, मनही हो म्हणतंय. पण त्यांच्याबरोबर असताना मधूनच पोटात गोळा येतो. दर वेळी नाही, पण येतो तेव्हा समोरचा चहा घशाखाली उतरत नाही. तक्त्यात पोटासाठी रकानाच नाही. ही जुनी भीती समजून सोडून द्यायची, की शंकेची पाल चुकचुकतेय म्हणून थांबायचं? तुमच्या समुपदेशनात अशा जाणिवेला कुठे जागा मिळाली?

विवेकवाट

गोदाताई, चांगला धागा काढलात. मी आरईबीटीचं, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ठाण्याच्या आयपीएच संस्थेमुळे आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींच्या लेखनामुळे ही पद्धत आपल्याकडे बऱ्याच घरांत निदान ऐकून तरी माहीत आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास तिची मांडणी केली. ए म्हणजे घटना, बी म्हणजे तिच्याबद्दलची धारणा, सी म्हणजे परिणाम. त्रास ए मुळे होतो असं आपल्याला वाटतं, खरा जोर बी चा असतो. 'डोक्याला पटतं पण आत उतरत नाही' ही तक्रार त्यांच्याकडेही रोज यायची. १९६३ मध्ये त्यांनी त्यावर स्वतंत्र लेख लिहिला. माणसाला एखादी गोष्ट वरवर आणि अधूनमधून पटलेली असते, ती ठामपणे आणि कृती करण्याइतकी पटलेली नसते, असं त्यांचं म्हणणं. उपाय म्हणजे कृती. स्वतः एलिस तरुणपणी बायकांशी बोलायला घाबरायचे. मग न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन महिनाभर ठरवून अनोळखी स्त्रियांशी बोलत राहिले. भीती गेली ती तशीच.

माझ्या मते पोटातला गोळा ही वेगळी तिसरी शक्ती नाही. ती धारणाच आहे, फक्त शब्दांत न आलेली. 'पुन्हा फसगत झाली तर मला ते सहनच होणार नाही' असं काहीतरी तळाशी असेल. ते वर काढा, त्याच्याशी वाद घाला आणि भेटत राहा. गोळा विरेल.

पारिजातक

विवेकवाट, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते, पण हे वाचून मला अस्वस्थ व्हायला झालं.

माझ्या आधीच्या नोकरीत एका वरिष्ठाबद्दल मला पहिल्या आठवड्यापासून कसंतरी व्हायचं. खोलीत आला की मानेचे स्नायू आखडायचे. समुपदेशकाला सांगितलं तर त्याने 'निष्कर्षावर उडी' असं नाव देऊन विरुद्ध पुरावे लिहायला लावले. मी लिहिले, कारण लिहिण्यासारखे होतेच: माणूस हसतमुख, कामात हुशार, सगळ्यांचा लाडका. पुढे त्याच्याविरुद्ध तीन मुलींनी अंतर्गत समितीकडे तक्रार केली, त्यातली एक मी.

पुराव्यांचा तक्ता वाईट नाही. पण मानेला जे कळलं होतं ते पुरावा म्हणून कुठल्याच रकान्यात धरलं गेलं नाही, याचा राग मला आजही येतो. बाईच्या जातीला लहानपणापासून 'तुला उगाच वाटतंय' हे ऐकवलं जातं. तेच वाक्य समुपदेशकाच्या खोलीत शास्त्राच्या भाषेत ऐकू आलं तर माणसाने जायचं कुठे?

मनोज्ञा

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, म्हणून जरा सविस्तर. इथे कुणाचं निदान करणार नाही, गोदाकाठ यांच्या बाईंच्या कामात लुडबूडही नाही.

पारिजातक, तुमच्याबाबत घडलं ते चूकच होतं. शरीरातली जाणीव हीसुद्धा माहिती आहे. अंतोनियो दमासिओ या मेंदूतज्ज्ञाने १९९४ च्या पुस्तकात 'एलियट' या टोपणनावाने एका रुग्णाची हकिगत दिली आहे. मेंदूतली गाठ काढताना कपाळामागचा काही भाग गेला. बुद्ध्यंक शाबूत, स्मरण शाबूत, भाषा शाबूत. पण कागदपत्रं कशी लावायची यावर तो दुपारभर विचार करत बसायचा. नोकरी गेली, धंदा बुडाला, संसार मोडला. त्याचे विचार अगदी ठीक होते. त्या विचारांना कमी-जास्त वजन देणारी भावना, अंगात उठणारी ती सूक्ष्म हालचाल नाहीशी झाली होती. म्हणून 'भावना बाजूला ठेवून निर्णय घे' हा सल्ला मी कुणालाच देत नाही.

पण पोटाचं प्रत्येक म्हणणं खरं मानायचं का? इथे मला २००९ चा एक लेख फार उपयोगी वाटतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी आयुष्यभर अंतःप्रेरणा कुठे फसते याचा अभ्यास केला. गॅरी क्लाइन यांनी आगीच्या बंबावरचे अनुभवी अधिकारी क्षणात अचूक निर्णय कसे घेतात याचा. दोघं विरुद्ध टोकांची माणसं, पण एकत्र बसून त्यांनी दोन अटी मान्य केल्या. ज्या क्षेत्रात घटनांना काही नियमितपणा आहे आणि जिथे आपलं बरोबर की चूक हे वेळोवेळी कळत गेलंय, तिथली अंतःप्रेरणा भरवशाची. बाकी ठिकाणी ती तितक्याच खात्रीने बोलते, पण त्या खात्रीला आधार नसतो.

आता हे स्थळाला लावून बघा. लग्न माणूस एकदा, फार तर दोनदा करतो. त्यामुळे 'हे लग्न टिकेल का' यावर पोटाला मत असायचं कारण नाही. पण तुमच्याशी खोटं बोललं जातंय का, तुम्हाला गप्प केलं जातंय का, हे ओळखायला तुमचं पोट पहिल्या संसारात रोज शिकत होतं. अडचण एवढीच की ते एकाच माणसावर शिकलंय. तो माणूस ओळखण्यात ते पटाईत असेल. दुसऱ्या माणसात त्याची पुसटशी छटा दिसली तरी ते तसंच ओरडेल. म्हणून गोळा आला की त्याला 'खरं की खोटं' विचारण्याआधी 'नेमका कधी' हे विचारायचं.

याची पद्धतही आहे. शिकागो विद्यापीठात नामवंत मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याबरोबर काम करणारे युजीन जेंडलिन आणि त्यांचे सहकारी समुपदेशनाच्या ध्वनिफिती ऐकायचे. कुणाला फरक पडतो याचा अंदाज रुग्णाच्या बोलण्याच्या ढंगावरून येतो, असं त्यांना आढळलं. फायदा होणारी माणसं बोलता बोलता अडखळतात, 'नाही, तसं नाही... काहीतरी वेगळंच' असं म्हणतात आणि आतल्या अस्पष्ट जाणिवेशी शब्द ताडून पाहतात. जेंडलिननी यातूनच फोकसिंग ही पद्धत तयार केली.

माझ्या खोलीत ते साधारण असं होतं. समोरचा म्हणतो, छातीत दडपण आहे. मी लगेच 'का' विचारत नाही. 'का' विचारलं की माणूस डोक्यात जातो आणि तयार उत्तर घेऊन येतो. मी म्हणते, थोडा वेळ तिथेच राहू. दडपण केवढं आहे? वर आहे की खाली? हलतंय की घट्ट? त्याला एक शब्द द्यायचा तर कोणता? तो म्हणतो 'भीती', मग थांबतो, मान हलवतो. 'भीती नाही. कोंडमारा.' आणि त्या शब्दाबरोबर एक मोठा श्वास बाहेर पडतो. शब्द बरोबर बसला हे शरीरच सांगतं. मग मी विचारते, कोंडमारा कशामुळे, काय हवंय? विचारांचं काम इथून पुढे सुरू होतं. तक्ता तेव्हा काढायचा, आधी नाही.

भावनांच्या बाबतीतही वरचा थर आणि खालचा थर असतो. लेस्ली ग्रीनबर्ग यांनी त्यांच्या भावनाकेंद्री उपचारपद्धतीत मूळ भावना आणि तिच्यावर चढलेली दुय्यम भावना असा भेद केला. घरात आरडाओरडा करणाऱ्या बऱ्याच पुरुषांच्या रागाखाली दुखावलेपण असतं. रागाशी कितीही तर्क करा, हाती काही लागत नाही, कारण बोलायचं असतं ते रागाखालच्या दुखावलेल्या माणसाशी.

जुनं_झाड

मनोज्ञाताई, हे वाचून विचारावंसं वाटलं. वय ५२, मूळचा साताऱ्याकडचा. बायकोच्या आग्रहाने समुपदेशनाला जातो. तिथे विचारतात, 'तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?' मी खरं तेच सांगतो: ठीक. मला खरोखरच काही जाणवत नाही. वडील गेले तेव्हा सगळी व्यवस्था मी बघितली, डोळ्यांत पाणी आलं नाही. पित्त मात्र तेव्हापासून बसत नाही, सगळ्या तपासण्या करून झाल्या. माझ्यासारख्याने काय करावं?

मनोज्ञा

तुम्ही एकटे नाही. पीटर सिफनिऑस या मनोविकारतज्ज्ञाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या स्थितीला अ‍ॅलेक्सिथायमिया असं नाव दिलं. भावना असते, ती ओळखायची आणि सांगायची वाट तयार झालेली नसते. यात तुमचा दोष नाही. ज्या घरात मुलाने रडायचं नसतं आणि जेवलास का हा एकच मायेचा प्रश्न असतो, तिथे ही वाट तयार होणार कशी?

'कसं वाटलं' हा प्रश्न तुमच्यासाठी फार पुढचा आहे. समुपदेशकांना सांगा की सुरुवात अंगापासून करू. गरम की गार, ताठ की सैल, जड की हलकं. दिवसातून एकदा, जेवायच्या आधी, अर्धा मिनिट. वहीत दोनच शब्द लिहा: 'खांदे जड'. एवढंच. पुढे कधीतरी त्या दोन शब्दांशेजारी प्रसंग लिहा. खांदे कुणाशी बोलताना जड होतात हे आपोआप दिसायला लागेल. वडिलांबद्दल बोलायची घाई करू नका.

चिकित्सक

दोन मुद्दे.

एक, दमासिओंच्या गटाचा पत्त्यांचा प्रयोग इथे कुणीतरी आणेलच, म्हणून आधीच. चार गड्ड्या. दोन गड्ड्यांत मोठा नफा पण त्याहून मोठा तोटा, दोन गड्ड्यांत थोडा नफा आणि थोडा तोटा. वाईट गड्डीकडे हात नेताना, ती वाईट आहे हे सांगता येण्याआधीच, निरोगी लोकांच्या हाताला घाम येऊ लागतो, असा १९९७ चा निष्कर्ष होता. 'शरीराला आधी कळतं' याचा पुरावा म्हणून तो सगळीकडे दिला जातो. पण २००४ मध्ये माया आणि मॅक्लेलंड यांनी लोकांना अधिक नेमके प्रश्न विचारले, तेव्हा त्यांना तोंडाने सांगण्याइतकं बरंच आधी कळत होतं असं दिसलं. तेव्हा 'पोट आधी, डोकं नंतर' हे इतकं सरळ नाही. शरीर सामील आहे, हे मान्य.

दोन, गोळा येत असेल तर फॅमिली डॉक्टरांना एकदा दाखवा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, आम्लपित्त. व्हेगस नावाच्या नसेतले बहुतेक तंतू पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात, उलट दिशेने थोडेच. त्यामुळे पोट बिघडलं की मनही बेचैन होतं आणि आपण त्या बेचैनीला कारण शोधत बसतो.

सायली_सिअ‍ॅटल

पारिजातक, तुझं लिहिलेलं वाचून गलबलून आलं.

मी इथे डीबीटी ही उपचारपद्धती (तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी) घेतली आहे. ती तयार करणाऱ्या मार्शा लिनेहान याच गावच्या विद्यापीठात होत्या. स्वतः तरुणपणी मानसिक रुग्णालयात राहिल्याचं त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं, आणि मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटतो तो त्यामुळेही. त्या तीन मनं मानतात. तर्काचं मन, भावनेचं मन आणि दोन्ही जिथे एकमेकांत मिसळतात ते शहाणं मन. शहाणं मन म्हणजे निम्मा तर्क अधिक निम्मी भावना नव्हे. दोन्ही पूर्ण ऐकून झाल्यावर आत जे शांतपणे माहीत असतं ते.

मला पडलेला व्यावहारिक फरक सांगते. भावनेच्या मनातून आलेली गोष्ट मला घाई करते: आत्ता फोन कर, आत्ता नाही म्हण. शहाण्या मनातून आलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळीही तशीच असते. म्हणून मोठा निर्णय मी वहीत लिहून ठेवते आणि पोट भरलेलं असताना, झोप झालेली असताना परत वाचते.

इगतपुरीकर

यात विपश्यनेचा उल्लेख हवाच. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात दहा दिवस अंगावरच्या संवेदना बघायला शिकवतात, प्रतिक्रिया न देता. तिथली विपश्यना शिकवणाऱ्या गोयंका गुरुजींनी हेच सांगितलं की विकार मनात उठला की शरीरात संवेदना उठते. समुपदेशनाला पैसे घालवण्याआधी एक शिबिर करावं.

मनोज्ञा

इगतपुरीकर, संवेदना न घाबरता बघता येणं हे मोठं कौशल्य आहे, आणि ज्यांना ते आलं त्यांच्याबरोबर माझं कामही सोपं होतं. पण 'आधी शिबिर' असं सरसकट म्हणू नये. तीव्र आघातातून गेलेल्या माणसाला दहा दिवस मौनात शरीराकडे बघत बसणं झेपेलच असं नाही. शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल विचारतात, ते खरं लिहावं. समुपदेशनात जे आत उठतं ते दुसऱ्या माणसासमोर बोलता येतं, आणि पुष्कळ जणांना नेमकं तेच कधी मिळालेलं नसतं.

अबोली२१

वाचनखूण साठवली. ज्यांना फी परवडत नाही त्यांनी काय करायचं? मी शिकतेय, घरी सांगायची सोय नाही.

विवेकवाट

अबोली, टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारची मोफत सेवा, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. शिवाय सरकारी आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांत मानसोपचार विभागाचा केसपेपर अगदी थोडक्या पैशांत निघतो. तुझ्या कॉलेजमध्ये समुपदेशक आहे का तेही विचार. आणि काही लिहावंसं वाटलं तर इथे लिही.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. धागा बाईंना दाखवला, त्यांनी तो शांतपणे पूर्ण वाचला.

या वेळी आम्ही तक्ता बाजूला ठेवला. त्यांनी मला शेवटचा गोळा कधी आला ते बारीकसारीक सांगायला लावलं. गेल्या रविवारी, आम्ही कॉलेज रोडला बसलो होतो. गोळा आला त्याच्या आधी काय चाललं होतं? मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा विषय. कोण बोलत होतं? मी. मग? मग ते म्हणाले, 'तू कशाला काळजी करतेस, मी बघतो सगळं.'

हे वाक्य मी बाईंना सांगितलं आणि तिथेच गोळा आला. खुर्चीत. ते समोर नसताना.

माझ्या पहिल्या नवऱ्याचं हेच वाक्य होतं. माझा पगार, माझे दागिने, फ्लॅटचे हप्ते, 'मी बघतो.' काय बघितलं ते बँकेची नोटीस आली तेव्हा कळलं. बाईंनी विचारलं, गोळ्याला शब्द द्यायचा तर? मी म्हटलं भीती. बसला नाही. मग म्हटलं, 'मला कळू दे.' आणि मला रडू आलं, खूप आलं. म्हणजे मला लग्न नको असं नव्हतंच. मला अंधारात राहायचं नाही.

विवेकवाट

गोदाताई, आता ए-बी-सी फार नीट मांडता येते. ए म्हणजे 'स्थळ' नव्हेच, ए म्हणजे ते एक वाक्य. त्याच्याशेजारची धारणा, 'मी बघतो म्हणणारा माणूस फसवतोच.' ही तपासता येण्यासारखी आहे. तक्ता भरत बसला असतात तर इथवर पोचला नसतात, कारण तिथे प्रसंगाच्या रकान्यात आख्खं लग्न लिहिलं होतं. नेमकी जागा पोटाने दाखवली हे मी मान्य करतो.

पारिजातक

आणि तरीही ती धारणा खोटीच निघेल असं धरून चालू नका, प्लीज.

मनोज्ञा

दोघांचंही बरोबर. आता अंदाज बांधायचा नाही, बघायचं. ते वाक्य माया म्हणूनही बोललं जातं आणि हिशेब लपवायलाही. फरक कळायचा एकच मार्ग, 'मला सोबत घेऊन बघा' असं स्पष्ट म्हणायचं आणि समोरचा काय करतो ते पाहायचं. चिडतो का, हसण्यावारी नेतो का, 'तुझा विश्वास नाही का' म्हणतो का, की कागद काढून समोर ठेवतो. एका वेळच्या उत्तरावर जाऊ नका. पैसा, आजारपण, नातेवाईक, अशा दोन-चार विषयांत तेच पुन्हा पुन्हा दिसू दे. पोटालाही नव्या माणसावर शिकायला तेवढा वेळ लागतो. मधल्या काळात गोळा आला तर घाबरू नका. तो लगेच जाणार नाही.

गोदाकाठ

बोलले. पहिल्या संसारातलं सगळं सांगितलं नाही, लागेल तेवढंच. ते आधी गप्प झाले. मला वाटलं, झालं. मग म्हणाले, 'माझ्या बायकोला व्यवहार नको वाटायचा, म्हणून तोंडात तेच बसलंय. तू सांग कसं करायचं.' पुढच्या भेटीत स्वतःची एफडीची आणि घरकर्जाची फाइल घेऊन आले. मी दोन तास वाचली, प्रश्न विचारले. त्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं, तसं त्यांनी सांगितलं. गोळा आला होता सुरुवातीला, मग फाइल वाचण्याच्या नादात कधी गेला लक्षात नाही. अजून होकार दिलेला नाही. माझा फ्लॅट माझ्याच नावावर राहील हेही बोलून झालंय, त्यांच्या भावाला ते आवडलेलं नाही, तेव्हा तिकडे लक्ष ठेवून आहे.

जुनं_झाड

ताई, धीराचं काम केलंत. मुलीला काय वाटतं? तिला विचारलंत का?

गोदाकाठ

विचारलं. काका चांगले आहेत म्हणाली, पण बारावी होईपर्यंत घर बदलायचं नाही, यावर ठाम आहे. तेव्हा जे काही ठरेल ते पुढच्या वर्षीच्या परीक्षेनंतर. बाईंना तिच्याशीही एकदा बोलायचंय, तिची तयारी आहे.

तुमची वही चालू आहे का?

जुनं_झाड

चालू आहे. सध्या 'खांदे जड' च्या शेजारी बहुतेक वेळा थोरल्या भावाचा फोन असतो. पुढच्या वेळी तिथे सांगणार आहे.